उपकरणांची एकवाक्यता : नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य : तीन कंपन्यांची स्मार्ट उपकरणे (सेलमध्ये घेतलेली असल्यास उत्तम), तितकीच ॲप्स, एक वायफाय आणि भरपूर सबुरी.

पायरी १. सगळी उपकरणे एकाच वायफायवर आणा. ती एकमेकांना दिसू लागली की लगेच पेढे वाटून घ्या. दिसण्याचा आणि समजण्याचा संबंध नसतो, हे पुढच्या पायरीला कळेलच.

पायरी २. पडद्याला ‘शंभर टक्के’ असा हुकूम सोडा. झिगबी या बिनतारी मानकाच्या नियमात शून्य म्हणजे पडदा सताड उघडा आणि शंभर म्हणजे पूर्ण बंद. होम असिस्टंट या घर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेमके उलटे. मध्ये कोणी आकडा फिरवला नाही, तर उजाडल्यावर तुमच्या घरात अंधार होईल. पडदा बिघडलेला नाही, तो आज्ञाधारक आहे.

पायरी ३. आता तापमान. मॅटर या मानकात साडेएकवीस अंश सेल्सिअस हे ‘२१५०’ असे पाठवतात, कारण मोजणी अंशाच्या शंभराव्या भागात असते. हे ठाऊक नसलेल्या प्रणालीच्या मते तुमच्या हॉलमध्ये पोलाद वितळते आहे. अग्निशमन दलाला कळवू नये.

पायरी ४. यावर उतारा म्हणजे ऑन्टोलॉजी. दचकू नका. ही यंत्रांना वाचता येणारी, अर्थांची सामायिक नोंदवही असते : उपकरण कशाला म्हणायचे, ते काय मोजते, कोणत्या एककात, कोणता हुकूम मानते आणि मानल्यावर कोणत्या स्थितीत जाते. युरोपीय कमिशनच्या सांगण्यावरून नेदरलँड्सच्या टीएनओ या संशोधन संस्थेने ‘सारेफ’ नावाची अशी एक नोंदवही तयार केली. एट्सी या मानक संस्थेने २०१५ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिथे नुसते ‘२१५०’ म्हणून भागत नाही. कशाचे आणि कोणत्या एककात, तेही सांगावे लागते.

पायरी ५. ऑन्टोलॉजी निवडा. सारेफ सुरुवातीला घरगुती उपकरणांपुरती होती. पुढे तिला ऊर्जा, इमारती, शहरे, शेती अशा शाखा फुटल्या. सेन्सरांसाठी डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानक संस्थेची सोसा आहे, इमारतींसाठी ब्रिक आहे. सगळ्याच सामायिक आहेत, फक्त आपापसांत नाहीत. म्हणून हिचे ‘मेजरमेंट’ म्हणजे तिचे ‘ऑब्झर्व्हेशन’ अशी जोडयादी लिहायला घ्या. दोन्ही जवळजवळ एकच आहेत. तुमची पुढची सगळी मेहनत त्या ‘जवळजवळ’वर जाईल.

पायरी ६. खोल्यांची नावे जुळवा. एका ॲपमध्ये ‘हॉल’, दुसऱ्यात ‘लिव्हिंग रूम’, तिसऱ्यात ‘रूम १’. तिन्ही एकच जागा आहेत, हे नोंदवहीत लिहिता येते; पण नोंदवही घरभर हिंडून ते स्वतः शोधत नाही. कोणीतरी सांगावे लागते. ‘थंडी वाजली की हीटर लाव’ यातल्या थंडीचा आकडाही कोणीतरीच ठरवावा लागतो, आणि तो आजींचा व नातवाचा वेगळा असतो.

शंकानिरसन

*हे सगळे कंपन्यांनी करायला नको का?* नको कशाला! पण पहिला दिवा ज्या कंपनीचा, दुसराही तिचाच घ्यावा लागला, तर कंपनीची झोपमोड होत नाही. तरीही काही मोठ्या स्पर्धकांनी एकत्र बसून २०२२ मध्ये मॅटरची पहिली आवृत्ती आणलीच.

*मग उपकरणे आपोआप जुळतील ना?* अर्थ ठरला की जुळतात. अर्थ ठरणे तेवढे आपोआप होत नाही. कंपन्यांनी बैठका घेऊन ठरवला तर त्याला मानक म्हणतात. तुम्ही रात्री जागून ठरवलात, तर छंद.