जादूचा जमीनमहसूल

महसूल खात्याची इमानेइतबारे चाकरी करून निवृत्त झालेल्या मनुष्याने उतारवयात कोणता खेळ खेळावा, असा प्रश्न मला अद्याप कोणी विचारलेला नाही. परंतु विचारलाच तर उत्तर तयार आहे. त्याने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ नावाचा पत्त्यांचा खेळ खेळावा, आणि तोही घरच्या सतरंजीवर नव्हे, तर रीतसर प्रवेशशुल्क भरून, स्पर्धेत. वरकरणी हा खेळ मांत्रिकांचा, राक्षसांचा आणि उडत्या सर्पांचा दिसतो. पण ती भडक चित्रे क्षणभर दृष्टीआड करून ज्याने त्याचा व्यवहार न्याहाळला, त्याच्या ध्यानी येईल की हा निखळ जमीनमहसुलाचा खेळ आहे.

हा ज्ञानलाभ मला सिएटलनजीक, म्हणजे उचित स्थळीच, झाला. कारण रिचर्ड गारफील्ड नामक गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ साली त्याच परिसरातल्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने बाजारात आणला. माझ्या मुलाने तिथल्या एका दुकानातल्या स्पर्धेत स्वतःसाठी नाव नोंदवून पैसे भरले होते. ऐन दिवशी त्याला कामावरून बोलावणे आले. आणि भरलेली रक्कम परत मिळत नाही असे कळताच, डॉलरांत क्षुल्लक पण रुपयांत गुणली असता झोप उडवणारी ती रक्कम फुकट जाऊ द्यायची नाही, या केवळ मध्यमवर्गीय निष्ठेने मी नातीचे बोट धरून, खरे म्हणजे तिने माझे धरून, त्या दुकानात हजर झालो. नवा संच सर्वत्र विक्रीस येण्यापूर्वी भरणारी ती स्पर्धा होती. तीत प्रत्येकास सहा मोहोरबंद पाकिटे देतात आणि त्यांतून जे निघेल त्यातूनच किमान ४० पत्त्यांचा कॅट जागच्या जागी जुळवायचा असतो, त्यामुळे घरी पेट्या भरून पत्ते बाळगणारा धनिक आणि माझ्यासारखा नवखा हे तेवढ्यापुरते एका पंक्तीस येतात.

पत्ते मूलतः दोनच प्रकारचे: एक जमिनी, आणि दुसरे त्या जमिनींच्या उत्पन्नावर पोसायचे सर्व काही. जमिनींचे मूळ वर्ग पाच. मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि अरण्य. जिरायत, बागायत आणि वरकस यांची प्रतवारी लावण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे वर्गीकरण थोडे ढोबळ वाटले तरी परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या पाळीत सामान्यतः एकच जमीन ताब्यात घेता येते. तिचा वसूल घ्यायचा म्हणजे पत्ता आडवा करायचा, आणि पुढच्या पाळीच्या आरंभी आडवे झालेले सारे पत्ते पुन्हा उभे करायचे. पत्ता आडवा करण्याची ही क्रिया ज्यात अंतर्भूत आहे, त्या खेळपद्धतीचे पेटंट १९९७ साली मंजूर झाले, असे कळले तेव्हा मन विषण्ण झाले. कागद आडवे पाडून ठेवण्याची विद्या आमच्या कचेऱ्यांत त्याच्या कितीतरी आधी पूर्णत्वास गेली होती, पण ती नोंदवून ठेवण्याचे कोणाला सुचले नाही. याहून थोर तरतूद अशी की, वसूल केलेले उत्पन्न त्या त्या टप्प्यात खर्ची पडले नाही तर आपोआप बुडते. हा ३१ मार्च प्रत्येक पाळीत अनेकवार येतो.

नियमांचे पुस्तक शेकडो पानांचे आहे, आणि त्याच्या आरंभीच सांगितले आहे की, पत्त्यावरचा मजकूर आणि नियम यांत विरोध आल्यास पत्त्याचे म्हणणे ग्राह्य धरावे. मूळ अधिनियमापेक्षा मागाहून निघालेले परिपत्रक वरचढ, हा अनुभव आम्हांला होताच. तो इतक्या प्रांजळपणे छापून ठेवलेला मात्र प्रथमच पाहिला. आमच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० गोल पत्ते. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकी बारा. पिढ्या उलटल्या तरी त्यांत एकाची भर नाही. येथे वेगवेगळे म्हणावेत असे पंचवीस हजारांहून अधिक पत्ते झाले असून वर्षातून अनेकदा नवे निघतात. काही संशोधकांनी २०१९ साली तर असे सिद्ध केले की, या खेळात अशी एखादी स्थिती मांडता येते की पुढे कोण जिंकणार हे कोणत्याही गणनयंत्रास ठरवता येणार नाही. आमच्याकडच्या वारसनोंदींचा अभ्यास त्यांनी केला असता तर हेच अनुमान त्यांना अल्प श्रमांत हाती आले असते.

माझी प्रतिस्पर्धी अकराएक वर्षांची एक कन्या होती. तिच्यापुढे वीस बाजूंचा निळा फासा होता, आयुष्याचे वीस गुण मोजण्यासाठी. आणि हातातले सात पत्ते ती एकामागून एक पुढे-मागे सरकवीत असा काही चटचट आवाज करीत होती की, एखाद्या कसलेल्या टंकलेखकाचा भास व्हावा. माझ्या हाती एक अग्निमुख सर्प, दोन राक्षस आणि जमीन एकच. नियमाप्रमाणे सारे परत करून, पुन्हा पिसून, पुन्हा सात घेतले व एक तळाशी घातला. आता जमिनी दोन झाल्या, पण तिसरी काही केल्या येईना. दरबारी सरदारांची गर्दी आणि सातबारा कोरा, अशा अवस्थेत तिने मला अत्यंत सभ्यपणे संपविले.

दुसऱ्या डावात माझ्या खात्याचे शिक्षण फळास आले. पत्ते नवे असल्याने ते कोणालाच पाठ नव्हते. मी प्रत्येक पत्ता शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत वाचीत होतो, इतका की पंचाने जवळ येऊन, जरा लवकर उरकाल तर बरे, असे मृदू स्वरात सुचविले. तिने उडता प्राणी माझ्यावर सोडला. उडत्याला सामान्यतः उडताच अडवतो. मी मात्र माझा कोळी पुढे सरकवला. तिने हरकत घेतली, पंचास पाचारण झाले, त्याने पत्ता वाचला, आणि कोळी उडत नसला तरी उडत्यास अडवू शकतो, हे बारीक अक्षरांतले कलम त्याने माझ्या बाजूने मान्य केले. तो डाव मी जिंकलो. निर्णायक डाव मात्र ५० मिनिटांची मुदत सरल्याने आणि वर मिळणाऱ्या पाच पाळ्याही तशाच गेल्याने निकालाविना राहिला, व एकेक गुण उभयतांना वाटून देण्यात आला. ती कन्या खट्टू झाली; मला मात्र, ज्याची सारी नोकरी प्रकरणे प्रलंबित ठेवण्यात गेली त्याला, आपल्याच कचेरीत बसल्यासारखे वाटले. पुढल्या फेऱ्यांचा तपशील देण्याजोगा नाही.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या समानधर्मी निवृत्तांस एवढीच विनंती की, ४० पत्त्यांत १७ जमिनी ठेवाव्यात, कोणी तरुण १६ पुरेत म्हणाला तरी ऐकू नये. आणि वाचण्याचा चष्मा आठवणीने बरोबर न्यावा, कारण पत्त्यांवरचा टाइप फार बारीक असतो.