मागं टँकर आहे, माउली!

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते. टाळ, मृदंग, तुळशी, कॅमेरे सगळे तिच्याबरोबर चालतात. दिंडीचा ट्रकवाला तेवढा त्यात नसतो. तो पुढं जाऊन मुक्कामाचं रान शोधत असतो.

१६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी हा सोहळा सुरू केला, तेव्हा वारकऱ्याचं बिऱ्हाड त्याच्याच खांद्यावर असायचं. आता ते ट्रकात असतं. खाली शिधा, सिलिंडर, पातेली, तंबूचे बांबू. वर फळ्या टाकून केलेला माळा, त्यावर वळकट्या आणि रात्री पाय सुजलेली दोन-चार म्हातारी माणसं. फाळक्यावर दिंडीचा नंबर, रथापुढं की रथामागं ते ठळक अक्षरांत. आणि मागं हुकाला अडकवलेला पाण्याचा टँकर. अमेरिकेत निवृत्त जोडपी ट्रकवर घर चढवून, मागं छोटी मोटार जोडून हिंडतात. पण तिथं सगळा संसार दोघांचा. इथं मागच्या गाडीची तोटी उघडी राहिली तर अख्खी दिंडी विचारायला येते.

ट्रकवाल्याची विठ्ठलावर श्रद्धा असतेच. हुकाच्या पिनेवर मात्र अजिबात नसते. गाडी थांबली की चहाच्या आधी तो मागं जातो, पिनेला चपलेनं दोन ठोकर मारतो, तिला बांधलेली तार पिळून बघतो आणि साखळी ओढतो. एवढं झाल्यावरच ‘रामकृष्णहरी’ म्हणतो.

पाण्यावरून त्याचं आचाऱ्याशी रोज वाजतं. पाच हजार लिटरचा टँकर भरला की नुसत्या पाण्याचं वजन पाच टन. म्हणून कुणी समजूतदार माणूस ‘अर्धाच भरा’ सुचवतो आणि ट्रकवाल्याचा पारा चढतो. काठोकाठ भरलेला टँकर गपगुमान मागून येतो. अर्ध्या टँकरातलं पाणी, आपण ब्रेक मारला की पुढं धावतं आणि ट्रकाला ढुशी देतं. गाडी सोडली की मागं ओढतं. ‘एक तर फुल, नाहीतर रिकामा,’ हे तो कीर्तनकाराच्या वर आवाज काढून सांगतो.

खरी कसोटी निमगाव केतकीच्या मुक्कामाला. पाऊस पडून गेलेला, काळं रान, एवढ्याशा वाटेनं ट्रक उलटा घ्यायचा आणि टँकर बरोबर चुलवणापाशी लावायचा. एकटा ट्रक मागं घेणं सोपं. टँकर जोडला की गणित फिरतं: ट्रकाची पाठ उजवीकडं गेली की टँकरचं शेपूट डावीकडं वळतं, आणि सावरायला उशीर झाला की दोघं एकमेकांकडं तोंड करून बसतात. हे ट्रकवाला जाणतो. बाकीचे जाणत नाहीत, पण सूचना तेच देतात.

‘येऊ द्या, येऊ द्या... उजवीकडं मारा!’

‘कुणाच्या उजवीकडं?’

‘माउलींच्या!’

इथं सगळेच माउली असल्यामुळं त्यातून काही निष्पन्न होत नाही. विणेकरी एका हातानं वीणा सांभाळत दुसऱ्या हातानं ‘बास, बास’ करतात. शेवटी ट्रकवाला काच वर करतो, सगळ्यांना आरशातून वगळतो आणि एका दमात टँकर चुलवणाच्या अंगाला लावतो. मग उतरून निमगावचंच पान लावतो. पानमळ्यांचं गाव, तिथं तंबाखू मळत बसणं त्याला पटत नाही.

हे कसब वारीतलं नव्हे. हिवाळ्यात हा गडी बहुधा ट्रॅक्टरवर असतो. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या आणि तोंड भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडं. काट्यासमोर नंबरात रात्र काढलेल्या माणसाला एक टँकर म्हणजे रजाच. पालखीमार्गावर भवानीनगर आलं की तो कारखान्याच्या गेटकडं ओळखीनं बघतो आणि रिकाम्या यार्डात टँकर उभा करायला किती जागा आहे, याची हळहळ व्यक्त करतो.

काटेवाडीला पालखीखाली धोतरांच्या पायघड्या पडतात, रथाभोवती मेंढ्या रिंगण धरतात. बेलवाडीला गोल रिंगणात अश्व धावतात. हे सगळं तो इतकं रंगवून सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, पुढच्या रांगेत उभा होता. प्रत्यक्षात मेंढ्या फिरत होत्या तेव्हा तो सणसरच्या वाटेला होता, आणि अश्व धावले तेव्हा निमगावात दुसऱ्या दिंडीच्या ट्रकवाल्याशी बांधावरून भांडत होता. रिंगण त्यानं पाहिलंय ते वारकऱ्यांच्या मोबाइलवर. ते मोबाइलही त्याच्याच बॅटरीवर चार्जिंगला लावलेले.

इंदापुरात मात्र त्याला जागा मनासारखी मिळाली. कडक मुरूम, दोन्हीकडून वाट, विहीर जवळ. पहाटे तंबू उतरवता उतरवता त्यानं रानमालकाला गाठलं, पुढच्या वर्षीचा शब्द मागितला.

‘औंदा इथं ऊस लावायचाय,’ मालक म्हणाला.

‘लावा की. पण आषाढात रान मोकळं पायजे.’

‘तोड वेळेवर आली तर ना!’

ट्रकवाल्यानं दाराच्या आतल्या बाजूला खडूनं मालकाचा नंबर लिहून घेतला. ‘तोडीचं माझ्याकडं लागलं. कारखान्याचा चिटबॉय आपल्या ओळखीचाय.’