हेलपाटे त्यांचे, पदक आपले

पहाटे अल्लीपूर गावाच्या रस्त्यावर उभे राहा. कपाशीच्या वावरांमधून पोरं धावत येताना दिसतील. मुठीत मोबाईल, त्यावर सेकंद मोजणं चालू. सैन्यभरतीची धाव 1.6 किलोमीटरची आणि तेवढ्याशा अंतरावर घरादाराची आशा टांगलेली.

शहरांत दुसरी धाव निघते. माजी सैनिकांच्या सन्मानार्थ, दहा किलोमीटर, एकवीस किलोमीटर. थंडीत उठून एकवीस किलोमीटर धावायला जिद्द लागते आणि धावणाऱ्यांच्या भावनेवर मला शंका नाही. पण शर्यत संपते तेव्हा टी-शर्ट धावणाऱ्याच्या अंगात, पदक त्याच्याच गळ्यात. ज्याच्या नावाने धावलो, तो शाल-श्रीफळ घेऊन घरी जातो आणि सोमवारी त्याची धाव सुरू होते: बँक, तहसील, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. साहेब जेवायला गेलेत, उद्या या.

सन्मान किती सावकाश चालतो ते मुरलीकांत पेटकरांना विचारा. सांगली जिल्ह्यातला हा जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा झाला. 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्याने 50 मीटर पोहण्याचं सुवर्ण जिंकलं, 37.33 सेकंदांत. पद्मश्री मिळाली 2018 साली. 46 वर्षं! विक्रम करणाऱ्याची ही गत, तर साध्या शिपायाची काय असेल?

पेन्शनचंच घ्या. आपण जिवंत आहोत हे माजी सैनिकाला दरवर्षी सिद्ध करावं लागतं. नियमाला माझी हरकत नाही, पैसा सरकारी आहे. पण पलटणीतून परतल्यावर ज्याने उरलेलं आयुष्य विळा-कुदळीवर काढलं, त्याच्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या असतात. यंत्र ठसा घेत नाही. पुसून पुन्हा लावा, दुसरं बोट लावा, नाहीतर पुढच्या आठवड्यात या. एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी आणि गुडघ्याचं दुखणं. हा माणूस सीमेवर उभा होता हो!

खरं तर आता चेहरा दाखवूनही हयातीचा दाखला निघतो, स्मार्टफोनवर, घराच्या ओट्यावर बसून. म्हाताऱ्याला हे कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून शर्यत भरवणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. रस्ता आखताना तो गावातून, माजी सैनिकांच्या दारावरून न्या. दर किलोमीटरला एक घर ठेवा. तिथे थांबा, पाणी प्या, कागद बघा, अडलेला अर्ज हातात घ्या. वेळ जास्त लागेल, लागू द्या.

अल्लीपूरच्या पोरांनो, तुम्हाला तर शर्यतीची वाटही बघायला नको. उद्या सराव झाला की घाम पुसायच्या आधी गावातल्या फौजी आजोबांच्या ओट्यावर जा. मोबाईल मुठीत आहेच.