सरकारला बाकडं विकण्याची सोपी रीत

तेरखेड्याचं नाव फटाक्यांमुळे लांबवर गेलं. पण गावातला प्रत्येक जण काही फटाके करत नाही. समजा, महामार्गाच्या कडेला तुमचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल आणि लोखंडी बाकडी हा तुमचा धंदा. पंचक्रोशीतल्या एका ग्रामपंचायतीला बारा बाकडी घ्यायची आहेत, असं तुमच्या कानावर येतं. तुम्ही गडबडीने मोटारसायकलला किक मारता. थांबा. जमाना बदलला आहे.

पूर्वीची रीत सोपी होती. तीन कोटेशनं लागायची. तीन दुकानांची तीन लेटरहेडं, तीन शिक्के आणि अक्षर मात्र एकाच माणसाचं. सगळ्यात कमी दर कुणाचा, हे लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असायचं, कारण बाकीचे दोन दरही त्यानेच लिहिलेले असायचे. आता खरेदी ऑनलाइन झाली आहे. नवशिक्यांच्या सोयीसाठी तिची कृती पुढे देत आहोत.

साहित्य

पॅन, आधार, जीएसटी नंबर, बँकेचं पासबुक, उद्यम नोंदणी (ही 1 जुलै 2020 पासून सुरू झाली, फुकट होते, तरी पैसे घेणारे भेटतात), क्लास 3 ची डिजिटल सही, म्हणजे बोलीभाषेत डोंगल, एक लॅपटॉप आणि एक पुतण्या. पुतण्या नसल्यास भाचा चालेल.

पायरी 1 : दुकान मांडा

केंद्र सरकारने 9 ऑगस्ट 2016 रोजी ‘जेम’ नावाचा ऑनलाइन बाजार उघडला. 24 एप्रिल 2023 ला, पंचायत राज दिनी, तो ग्रामपंचायतींच्या ‘ई-ग्रामस्वराज’ पोर्टलला जोडला गेला. म्हणजे आता सरपंच पारावर बसल्या बसल्या देशभरातली बाकडी बघू शकतात. त्यांत तुमचंही हवं. नोंदणी करताना आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. हे सिमकार्ड पुण्यात शिकणाऱ्या पोराच्या फोनमध्ये असतं आणि पोरगं तेव्हा लेक्चरला असतं. धीर धरा.

जिल्ह्यांच्या यादीत आपलं ‘धाराशिव’ दिसलं नाही, तर घाबरून जाऊ नका. ‘उ’खाली बघा.

पायरी 2 : बाकड्याचा फोटो काढा

फोटोत बाकडं आणि फक्त बाकडंच दिसलं पाहिजे. त्यासाठी घरातली पांढरी चादर दोघांनी मागे धरावी. पहिल्या फोटोत चादर धरणाऱ्याची बोटं येतात, दुसऱ्यात शेजाऱ्याची शेळी. तिसरा फोटो बरा येतो.

मग एमआरपी भरा. इथे तुम्ही अडणार. बाकड्याला एमआरपी कसली? आजवर तुम्ही लोखंडाचं वजन, रॉड, मजुरी आणि समोरच्याचा चेहरा बघून भाव सांगत आलात. आता आधी एक मोठा आकडा लिहायचा आणि मग त्यावर सूट दाखवायची. कापड दुकानातला सेल ज्याने पाहिला आहे, त्याला हे शिकवावं लागत नाही.

पायरी 3 : मोठं काम असेल तर डोंगल खोचा

रक्कम मोठी असली की गाठ ई-निविदेशी, म्हणजे ‘महाटेंडर्स’ पोर्टलशी पडते. राज्याच्या उद्योग विभागाने 1 डिसेंबर 2016 ला खरेदीची नियमपुस्तिकाच काढली आहे. ती वाचायला घेतलेल्या माणसाला सहसा झोप चांगली लागते.

इथे लिफाफे दोन. तांत्रिक लिफाफ्यात तुम्ही कोण ते सांगायचं, आर्थिक लिफाफ्यात भाव. भाव एका एक्सेल फाईलमध्ये भरायचा असतो आणि त्या फाईलचं नाव बदलायचं नसतं. पुतण्या हुशार असेल तर तो ‘काका फायनल 2’ असं नाव देऊन ठेवेल आणि फाईल परत येईल. डोंगलचा पिन चुकवत राहिलात तर डोंगलला कुलूप लागतं. आणि शेवटची वेळ पाहायची ती पोर्टलवरच्या घड्याळात, हातातल्या नाही. शेवटच्या अर्ध्या तासावर कधीही विसंबू नका. लाइट जायची वेळही तीच असते.

पायरी 4 : उलटा लिलाव

गणपतीतल्या नारळाचा लिलाव तुम्ही पाहिलाय. बोली चढत जाते, लोक टाळ्या वाजवतात. जेमवरच्या उलट्या लिलावात बोली उतरत जाते आणि कुणीच टाळ्या वाजवत नाही. तुमच्या समोर कोण आहे हे दिसत नाही, फक्त तो तुमच्यापेक्षा स्वस्त आहे एवढं दिसतं. लोखंडाचा भाव तुम्हाला पाठ आहे. समोरचा भाव त्याच्याही खाली गेला, की समजा त्याचा पत्रा पातळ आहे. पण पोर्टलला पत्रा वाकवून बघता येत नाही.

खरं सांगायचं तर या यंत्राने एक चांगलं केलं. कुणाचा मेहुणा नसलेल्या माणसालाही आता दारातून आत येता येतं. फक्त आत आल्यावर बसायला जागा मिळेलच असं नाही.

पायरी 5 : समजा, मिळालंच

बाकडी टेम्पोत घालून पोचवा. ग्रामपंचायतीने आधी तात्पुरती पावती द्यायची आणि माल तपासून स्वीकृतीचा दाखला, म्हणजे ‘सीआरएसी’, काढायचा. तो निघाल्यावर 10 दिवसांत पैसे, असं नियम म्हणतो. प्रश्न तो निघण्याचा असतो.

“साहेब, सीआरएसीचं काय झालं?”

“अहो, बाकड्यावर माणसं बसायलीत की! अजून काय स्वीकृती पाहिजे तुम्हाला?”

पायरी 6 : पैसे

ग्रामपंचायतीच्या खात्यातून पैसे सुटायला दोन डिजिटल सह्या लागतात : सरपंचांची आणि ग्रामसेवकांची (2024 पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). दोन डोंगलं, एक संगणक आणि चालू नेट एकाच दिवशी एकाच खोलीत यावी लागतात. त्या दिवशी ग्रामसेवक पंचायत समितीच्या मीटिंगला असतात. सरपंचांचं डोंगल कुणाच्या खिशात आहे, हे विचारायचं नसतं.

बाकडी तुम्हीच बनवता, म्हणजे तुम्ही लघुउद्योजक. 2006 चा कायदा तुमचे पैसे द्यायला गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त 45 दिवसांची मुदत देतो. पैसे थकले तर तक्रारीसाठी ‘समाधान’ नावाचं पोर्टलही सरकारने काढलं. मात्र तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची, तोच पुढच्या वर्षीचा गिऱ्हाईक असतो, हे लक्षात ठेवून समाधान मानावं.

सुतळी बॉम्बची वात पेटवली की किती पळायचं ते तेरखेड्यातल्या पोराला कळतं. बिलाची वात किती लांब, ते कुणालाच कळत नाही. तिला 31 मार्चच्या आसपास अचानक वेग येतो, एवढं मात्र खरं.

पुरवणी : न मिळाल्यास

बहुधा असंच होईल. बाकडी लांबच्या गावाहून प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतील. नारळ फुटेल, फोटो निघेल. एका पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी तुमचा फोन वाजेल.

“भाऊ, दुकानात हाव का? मारुतीच्या देवळापुढचं बाकडं मोडलंय. तात्या बसले अन् पायच दुमडला.”

तुम्ही मशीन घेऊन जाल. बाकडं उलटं कराल. पाय जिथे जोडला होता तिथे वेल्डिंगचे दोन ठिपके असतील, वाटाण्याएवढे. तुम्ही तिथे बोटभर पट्टी लावून चारी बाजूंनी पक्कं वेल्डिंग माराल. मग ते सुलटं करून आधी स्वतः बसून बघाल.

“कोटेशन देऊ का, सरपंच? म्हणत असाल तर तीन देतो.”

सरपंच हसतील. खिशातून शंभराच्या दोन नोटा काढतील, चहा सांगतील. बाकड्यावर बसूनच चहा प्या. या सगळ्या कृतीत मालाची तपासणी, स्वीकृती आणि पैसे एकाच दिवशी झाले, असा व्यवहार एवढाच आहे.