संघभावना अंगी कशी बाणवावी: अंबरपेठच्या पालकांसाठी मार्गदर्शिका

प्रगतिपुस्तकातले तेलुगू, हिंदी, गणित, विज्ञान असे भरभक्कम विषय संपले की शेवटच्या पानावर काही किरकोळ रकाने उरतात. सहकार्यवृत्ती, नेतृत्व, सकारात्मक दृष्टिकोन. वर्षानुवर्षं पालक हे पान सहीपुरतंच उघडत आले. अलीकडे मात्र तिथे ‘बी’ श्रेणी दिसली तरी घरात सुतकी कळा पसरते. गणितातल्या ‘बी’वर उपाय असतो. हैदराबादच्या अंबरपेठेत सहा नंबरच्या स्टॉपवरून कुठल्याही दिशेला चालू लागावं, अबॅकसपासून आयआयटी फाउंडेशनपर्यंत सगळ्या शिकवण्यांच्या पाट्या दिसतात. संघभावनेची शिकवणी तेवढी अजून कुणी काढलेली नाही. ती उणीव शाळेचा बास्केटबॉल संघ भरून काढतो, असं शाळेच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. छापलंय म्हणजे ते खरंच असणार, असं धरून पुढील सूचना दिल्या आहेत.

साहित्य

एक पाल्य, वय दहा ते चौदा. शक्यतो स्वतःचा.

एक चेंडू. दुकानदार माप विचारतो. मोठ्या पुरुषांसाठी सात नंबर, स्त्रियांसाठी सहा आणि बारा वर्षांखालच्यांसाठी पाच, अशी रीत आहे. पण शाळेचा गणवेश, बूट आणि स्वेटर ज्या तत्त्वावर घेतले जातात, त्याच तत्त्वावर मराठी पालकाने सात नंबर घ्यावा, म्हणजे दहावीपर्यंत पुरतो. लहानांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते, हे कुणी सांगू लागल्यास दुर्लक्ष करावं. शाळेतली रिंग मोठ्यांचीच, ३.०५ मीटरवर असते. सात नंबरचा चेंडू दोन्ही हातांनी कमरेपासून उचलून पाल्याने सगळं बळ लावून फेकला, तरी तो बोर्डच्या खालूनच परत येतो. त्यामुळे पाल्यापुढे एकच मार्ग उरतो: चेंडू उंच मुलाकडे द्यायचा. संघभावनेचा पहिला धडा इथे शिक्षकाविना पूर्ण होतो.

एक मैदान. या मार्गदर्शिकेत गृहीत धरलेल्या शाळेला तीन मजले आहेत आणि अंगण एक. त्या अंगणात सिमेंटचा अर्धा कोर्ट आहे, जाळी तुटलेली एक रिंग आहे आणि रिंगखाली शिक्षकांच्या स्कूटर आहेत. पूर्ण कोर्ट २८ बाय १५ मीटरचा असतो, ही माहिती तिथे केवळ सामान्यज्ञान म्हणून उपयोगी पडते. तरी निराश होऊ नये. अर्ध्या कोर्टवर एकाच रिंगवर तिघांविरुद्ध तिघांनी खेळायचा प्रकार २०२१ मध्ये टोकियोत ऑलिंपिकमध्येही आला. अंबरपेठच्या शाळा तो आधीपासून खेळत होत्या, त्यांना कुणी विचारलं नव्हतं इतकंच. जागेचीच तक्रार करायची असेल तर मुंबईच्या नागपाड्याकडे बघावं. त्या दाटीवाटीच्या वस्तीतून पुढे आलेले गुलाम अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार घेऊन बसले.

पूर्वपीठिका (वगळू नये)

हा खेळ चांगल्या मुलांसाठी निघालेला नाही. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत एक वर्ग कुणालाच आवरेना. आधीच्या शिक्षकांनी हात टेकल्यावर तो जेम्स नेस्मिथ यांच्या गळ्यात पडला. हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा खेळ काढायला त्यांना चौदा दिवसांची मुदत मिळाली. शिपायाने पीचच्या दोन करंड्या आणून दिल्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर आहे. अठरा विद्यार्थी, नऊ-नऊचे दोन संघ, फुटबॉलचा चेंडू.

पुढची हकिगत नेस्मिथ यांनीच १९३९ मध्ये रेडिओवर सांगितली. सुरुवातीला नियम पुरेसे नव्हते. मुलांनी एकमेकांना धरलं, पाडलं, लाथा-बुक्क्या झाल्या, काहींचे डोळे काळेनिळे झाले. मग सगळ्यांत महत्त्वाचा नियम आला: चेंडू घेऊन धावायचं नाही. जिथे झेलला तिथूनच फेकायचा. तेव्हा चेंडू आपटत पुढे नेण्याचं ड्रिब्लिंगही नव्हतं. चेंडू हातात, पाय जमिनीला खिळलेले आणि समोर प्रतिस्पर्धी. अशा माणसाला मित्राची आठवण होतेच.

पालकांनी इथे थोडं थांबावं. नेस्मिथ यांनी त्या वर्गापुढे एकीचं बळ या विषयावर व्याख्यान दिलं नव्हतं, भिंतीवर फलकही लावला नव्हता. त्यांनी मुलांकडून एक गोष्ट काढून घेतली आणि सहकार्य हा नाइलाज करून टाकला.

स्थानिक परंपरा

हीच युक्ती करणारा एक शाळामास्तर अंबरपेठच्या उंबऱ्यावर होऊन गेला, मात्र फुटबॉलमध्ये. सय्यद अब्दुल रहीम यांनी ज्या शाळांमध्ये शिकवलं त्यांत काचीगुडा मिडल स्कूल ही एक. पुढे ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले आणि या संघाने मुंबईला जाऊन १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं रोव्हर्स कप उचलून आणला. मुंबईकरांना हा इतिहास सांगताना हैदराबादच्या मराठी माणसाने आवाज किंचित वाढवायला हरकत नाही.

रहीमसाहेबांच्या काळात चेंडू पायाशी खेळवत एकट्याने चार जणांना चकवणाऱ्यावर लोक खूश असत. रहीमसाहेबांनी ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. चेंडू आला की दिला. ज्यांचं सगळं कसब चकवण्यात होतं, त्यांना आजूबाजूला कोण उभं आहे हे प्रथमच बघावं लागलं. त्यांच्या हाताखाली भारतीय संघ १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकला चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला. त्या अंतिम सामन्यात डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला हेडर मारायला अडचण होती. मूळचा बचावपटू असलेल्या त्या गड्याला रहीमसाहेबांनी आघाडीला पाठवलं आणि त्याने गोल केला. दक्षिण कोरियाविरुद्ध निकाल २-१.

तेव्हा शाळेच्या पीईटी, म्हणजे खेळाच्या, सरांनी सरावात ‘ड्रिबल बंद, पाच पास झाल्याशिवाय बास्केट नाही’ असा हुकूम काढला, तर पालकांनी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘माझ्या मुलाच्या टॅलेंटचं काय?’ असं विचारू नये. निदान सर ग्रुपमध्ये असताना विचारू नये.

प्रत्यक्ष कृती

सामना शेजारच्या शाळेशी. चेंडू पाल्याच्या हातात येतो. डावीकडे दुर्गाबाई देशमुख कॉलनीतून येणारा मुलगा दोन्ही हात उंचावून ओरडतो, “इटु इव्वुरा!” उजवीकडून गोलनाक्याचा दोस्त म्हणतो, “इधर दे ना रे, हौले!” कुंपणापलीकडून, हातात स्कूटरची किल्ली फिरवत, शुद्ध मराठीत तिसरा आदेश येतो, “तूच टाक, तूच टाक!” तीन भाषांत सापडलेला पाल्य चेंडू छातीशी धरून अडीच पावलं चालतो. शिट्टी. ट्रॅव्हलिंग. चेंडू समोरच्यांना.

यानंतर जे घडतं ते पालकांना कुंपणाबाहेरून सहसा दिसत नाही. मोकळ्या जागेसाठी धावलेली चार मुलं काहीही न बोलता उलटी धावू लागतात. पुढच्या वेळी चेंडू पुढे येतो तेव्हा तो पाल्याकडे येत नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. कुणी कट केलेला नसतो, उपदेश तर कुणीच केलेला नसतो. थोड्या वेळाने एक रिबाउंड चुकून त्याच्या हातात पडतो. कुंपणापलीकडचे बाबा पुन्हा सूचना देतात. पाल्य या खेपेला ती ऐकत नाही आणि डावीकडे बाउन्स पास देतो. चेंडू सिमेंटवर एकदा आपटून दोस्ताच्या हातात जातो, लेअप होतो आणि रिंगवरून घरंगळून बाहेर पडतो. गुण शून्य. तरी पीईटी सर ओरडतात, “वेल पास!” आणि ते हात उंचावणारं पोर परत धावता धावता पाल्याच्या पाठीवर थाप मारतं. पाचशे रुपयांच्या व्यक्तिमत्त्वविकास शिबिरात हे मिळत नाही. तिथे चहा मिळतो.

शाळेच्या स्कोअरशीटवर हा पास दिसत नाही. तिथे बास्केट, फाउल आणि टाइमआउट तेवढे लिहितात. ही उणीव नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी एका बोटाने भरून काढली. बास्केट करणाऱ्याने लगेच पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं, ही त्यांच्या संघातली शिस्त होती. पालकांनी घरच्या हिशेबाच्या वहीत एक पान राखून ठेवावं आणि सामन्यानंतर ‘किती केलेस?’च्या जागी ‘कुणाला दिलेस?’ हा प्रश्न विचारावा. सुरुवातीला पाल्य संशयाने बघेल. सवयीने निवळेल.

सकारात्मक मानसिकता: मात्रा आणि पथ्य

पहिलं पथ्य पोस्टरचं. पाल्याच्या खोलीत मायकेल जॉर्डनचं पोस्टर लावण्याची प्रथा आहे. खाली मजकूर असतो की शाळेच्या संघातून त्याला काढून टाकलं होतं. प्रकरण इतकं करुण नव्हतं. १९७८ मध्ये दहावीतल्या जॉर्डनला मोठ्या संघाऐवजी कनिष्ठ संघात खेळवलं गेलं. त्याच्या वर्गातला एकच मुलगा वर घेतला, कारण तो सहा फूट सात इंच होता आणि संघाला उंची हवी होती. म्हणजे पोस्टरवर निवड समितीचा साधा व्यवहार छापायला हवा. तेवढ्यावर पोस्टर खपत नाही.

दुसरं पथ्य दिवास्वप्नांचं. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला जमेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं. बारीक झाल्याची रम्य चित्रं रंगवणाऱ्यांचं कमी. त्यामुळे पाल्याने डोळे मिटून ट्रॉफी उचलल्याचं बघत बसू नये. तेवढ्या वेळात रिंगखालच्या स्कूटर हलवाव्यात.

तिसरं पथ्य, चार लोक काय म्हणतील. २ मार्च १९६२ रोजी अमेरिकी बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात १०० गुण केले. त्या दिवशी ३२ पैकी २८ फ्री थ्रो गेले. तो तेव्हा चेंडू दोन्ही हातांनी खालून, गुडघ्यांमधून झुलवून टाकायचा. पद्धत फळत होती, पण तशी फेक बायकी दिसते या संकोचापायी त्याने ती सोडली आणि फ्री थ्रो पुन्हा चुकू लागले. एवढ्या मोठ्या माणसाचंही ‘लोक हसतील’पुढे चाललं नाही, हे बघून पाल्याच्या फेकीला घरी कुणी हसू नये. आजीने हसल्यास तिला प्रेमाने समजवावं.

मग सकारात्मकता येते कुठून? क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज उरलेला डाव तंबूत बसून हळहळू शकतो. बास्केटबॉलमध्ये ती चैन नाही. नियमाने २४ सेकंदांत रिंगवर फेक करावी लागते. शाळेत तसं घड्याळ नसलं तरी चेंडू काही क्षणांत तुमच्या टोकाला येतो आणि तुम्ही तोंड पाडून उभे राहिलात तर तुमचा माणूस मोकळा सुटतो. चुकलं की मागे धावायचं. हाही नाइलाजच.

टाळ्यांबाबत मात्र थोडी सूट आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या २००८-०९ च्या मोसमाच्या सुरुवातीला कोणते खेळाडू एकमेकांना टाळ्या देतात, पाठीवर थाप मारतात, हे मोजलं होतं. जास्त देणारे संघ पुढे चांगले खेळले. थापेमुळे खेळ सुधारला की मुळातच जमलेले संघ थापा मारत होते, हा प्रश्न विद्वानांवर सोडून पाल्याने टाळी द्यावी. फुकट आहे.

शंकासमाधान

*पाल्य सगळा सामना बाकावर बसून होता. फी परत मिळेल का?* नाही. नियमाने संघ बारा जणांचा असतो आणि कोर्टवर पाच. म्हणजे कुठल्याही क्षणी संघाचा मोठा भाग बसलेलाच असतो. बसून ओरडणं, पाणी देणं आणि पाच फाउल होऊन बाहेर आलेल्याला जागा करून देणं, हे अभ्यासक्रमात धरलेलं आहे.

*दहावीला खेळ बंद करावा का?* अवश्य, अशीच वहिवाट आहे. पुण्याच्या शिरीन लिमयेने खेळ सोडला नाही, तर तिला पुढे भारतीय महिला संघाचं कर्णधारपद सांभाळत बसावं लागलं.

*पाल्य घरी आता तीन भाषांत ओरडतो. काय करावं?* तिन्हींत उत्तर द्यावं.

*संघभावना पालकांनाही शिकता येईल का?* येईल. स्कोअररच्या टेबलाशी एक खुर्ची नेहमी रिकामी असते. तिथे बसणाऱ्याने दोन्ही संघांचे गुण आणि फाउल सारख्याच अक्षरात लिहायचे, टाळ्या वाजवायच्या नाहीत आणि ‘तूच टाक’ म्हणायचं नाही. इच्छुकांनी पीईटी सरांकडे नाव द्यावं. अर्ज अजून एकही आलेला नाही, त्यामुळे निवड नक्की आहे.