सागरतीरी श्वेत गुलाब : साधकांसाठी मार्गदर्शिका

कोकणात पांढऱ्या फुलांची टंचाई आहे, अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही. तगर कुंपणाला न विचारता फुलते, सोनटक्का न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसतो, अनंताला वर्षातून एकदा शेण दाखवलं तरी तो खूश असतो. पण जे आपसूक येतं त्याला बागकाम म्हणत नाहीत. चारचौघांत आपल्या बागेबद्दल कपाळाला आठ्या घालून बोलता यावं, अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी पांढरा हायब्रिड टी गुलाबच लावावा. तोही गुहागरसारख्या गावी, जिथे पुढच्या दाराला रस्ता, मागच्या दाराला माडापोफळीची वाडी आणि वाडी संपली की थेट पुळण.

प्रथम घराणं पाहावं. 'ला फ्रान्स' हा गुलाब या घराण्याचा मूळपुरुष मानला जातो. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या गियो नावाच्या बागाईतदाराने तो १८६७ साली जगापुढे आणला. लांब दांडी, दांडीला एकच फूल आणि फुलाच्या मध्यावर पाकळ्यांचं उंच टोक, ही या घराण्याची खूण. ल्यों समुद्रापासून बरंच आत आहे, एवढी नोंद करून ठेवावी. पुढे उपयोगी पडते. पांढऱ्या शाखेत फ्रान्सचा 'व्हर्गो' (१९४७), बेल्जियमचा 'पास्काली' (१९६३) आणि अमेरिकेचा 'जॉन एफ. केनेडी' (१९६५) ही मंडळी आहेत. ज्यांना स्वदेशीच हवा असेल त्यांच्यासाठी 'डॉ. होमी भाभा' आहे. भाभांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९६८ साली, डॉ. बी. पी. पाल यांनी तो निर्माण केला. पाल म्हणजे गव्हावरच्या तांबेऱ्याशी आयुष्यभर झुंजलेले शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. भाभांचं ट्रॉम्बे खाडीकाठी आहे, तेव्हा त्यांच्या नावाच्या गुलाबाला खारी हवा मानवत असेल, असा तर्क पुष्कळजण करतात. करू द्यावा. गुलाब दिल्लीचा आहे.

रोप घाटावरच्या रोपवाटिकेतून आणावं आणि कुंभार्ली घाट उतरताना मांडीवर घ्यावं. एसटीत शेजारचा माणूस "कसलं कलम?" असं विचारतोच. "पांढरा गुलाब" म्हटलं की तो खिडकीबाहेर बघू लागतो. तो बहुधा खालचाच असतो.

आता जागा. गुलाबाला रोज किमान सहा तास ऊन हवं. वाडीत ऊन नाही. असलं तर वरून झावळी, नाहीतर नारळ पडायची सोय आहे. दिवसभर ऊन मिळणारी घराची एकच जागा म्हणजे पुढचं खळं, आणि त्यावर घरच्या बायकांचा वहिवाटीचा हक्क आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, सांडगे आणि लोणच्याच्या फोडी सुकत असतात. अशा वेळी गुलाबाची कुंडी मधोमध नेऊन ठेवणं म्हणजे काय, हे विवाहित वाचकांना समजावून सांगायला नको. तडजोड म्हणून कुंडी खळ्याच्या कडेला, पायरीजवळ ठेवावी. येणारे-जाणारे काट्यांना अडकतात आणि त्या निमित्ताने गुलाबाची चौकशी होते.

कुंडी नको, जमिनीतच लावायचा, असा ज्यांचा बाणा आहे त्यांनी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्यावा. वाक्य लिहायला सोपं आहे. पुळणीकडच्या बाजूला वाळू, ती खणाल तितकी परत आत येते. रस्त्यापलीकडे जांभा, तिथे पहार लागते आणि पहार मारणारा गडी तर लागतोच लागतो. जांभ्याची माती आंबट, पावसाने धुऊन गेलेली आणि पाणी धरायला नाखूश. तिच्यात कुजलेलं शेणखत घालावं. वाळवी लागू नये म्हणून करंजाची पेंड घालावी. शेजारचे अण्णा सुक्या मासळीची कुटी घालायला सांगतील. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. माडाला ती पिढ्यान्‌पिढ्या घातली जाते. पण माड उकरून काढण्याची ताकद मांजरात नसते. कुटी घातल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गुलाब खड्ड्याबाहेर आडवा, मुळं आभाळाकडे आणि आळ्यात गावातले तीन बोके समोरासमोर बसलेले, हे दृश्य गृहीत धरूनच प्रमाण ठरवावं.

वाऱ्याचा मुद्दा मोठा आहे. खारा वारा पानांच्या कडा भाजतो. कड तपकिरी, मधला भाग हिरवा, हे त्याचं हस्ताक्षर. भिंत बांधून वारा अडत नाही, तो भिंतीवरून उडी मारून पलीकडे भोवरे घालत उतरतो. त्याला गाळून घ्यावं लागतं. त्यासाठी झापांचं विरळ कुडण घालावं, म्हणजे निम्मा वारा आरपार जातो आणि उरलेला थकतो. तरीही समुद्रावरून जोराचा वारा येऊन गेला की सकाळी पानं गोड्या पाण्याने धुवावीत. हे काम अंधार असताना उरकावं. मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि नळाचं दिवसाआड येतं. त्या दिवसांत झाडाला आंघोळ घालताना कुणी पाहिलं, तर पुढली दहा वर्षं ओळख तीच राहते.

मग पाऊस येतो. रत्नागिरी जिल्ह्यात तो साधारण ३००० मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. काळ्या ठिपक्याच्या बुरशीला रुजायला पान सलग सात तास ओलं लागतं, असं पुस्तकं सांगतात. गुहागरात जूनच्या मध्यावर ओलं झालेलं पान गणपतीच्या सुमारास वाळतं. आधी पानावर झालरीच्या कडेचे काळे ठिपके, मग पान पिवळं, मग पान खाली. ऑगस्टपर्यंत काट्यांसकट काड्या उरतात आणि पाहुणे "हे काय लावलंय?" असं विचारू लागतात. शांतपणे "गुलाब" म्हणावं.

उपाय वाडीतच आहे. पोफळीच्या कोळे रोगासाठी पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातलं तांब्याभर मागून घ्यावं. एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो. ते नीट जमलंय का, हे बघायला त्यात कोयत्याचं पातं बुडवावं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. ही परीक्षा मोठ्या थाटात, लोक जमवून करावी. गुलाबशेतीत एवढा खात्रीचा निकाल पुन्हा कधी मिळत नाही.

पावसात आलेल्या कळ्यांची आशा धरू नये. बाहेरच्या पाकळ्या भिजून एकमेकींना चिकटतात, कळी फुगते, तपकिरी होते आणि न उमलताच कुजते. एखादी उमललीच तर शुभ्र पाकळीवर बारीक गुलाबी ठिपके दिसतात. ते सौंदर्य नाही, करडी बुरशी आहे. लाल गुलाबावर हेच ठिपके कुणाला दिसतही नाहीत. पांढऱ्याचं तसं नाही. त्याच्या घरातली प्रत्येक भानगड दर्शनी भिंतीवर लिहिलेली असते. काहीजण यावर उपाय म्हणून कुंड्या पडवीत आणतात. पडवीत आधीच सरपण, सायकल आणि वाळत घातलेले कपडे असतात. काहींनी झाडावर इरलं घालून पाहिलं. झाड कोरडं राहिलं, ऊनही लागलं नाही, आणि वाटेने जाणारी माणसं इरल्याला "कुणाकडची लावणी?" विचारत राहिली.

छाटणी पाऊस सरल्यावर, दसरा-कोजागरीच्या आसपास करावी. धारदार सिकेटर घ्यावं, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या जेमतेम पाव इंच वर तिरका काप द्यावा आणि कापावर बोर्डोचा लेप लावावा. छाटणीपासून फुलापर्यंत सहा-सात आठवडे जातात. कळी करंगळीच्या पेराएवढी झाली की फुलकिडे येतात. त्यांना फिका रंग आवडतो. कळी पांढऱ्या कागदावर झटकली की आधी काहीच दिसत नाही, आणि मग कागदावरच्या तपकिरी रेघा चालू लागतात. त्यांच्यासाठी निळे चिकट सापळे टांगावेत. सापळ्याला फुलकिडे चिकटतात, त्याशिवाय डास, एखादं पीस आणि नातवाचा हातही.

यातून वाचलेली कळी बरोबर मार्गशीर्षात उमलते. पहाटे दव, मधलं टोक उंच, बाहेरच्या पाकळ्या मागे वळलेल्या; प्रदर्शनातले परीक्षक ज्या अर्ध्या उमललेल्या अवस्थेवर गुण देतात ती नेमकी हीच. वारही नेमका गुरुवार असतो. फोटो काढायला मोबाइल घेऊन येईपर्यंत सासूबाईंच्या परडीत दांडीविना फूल पडलेलं असतं.

"अहो आई, तो देवासाठी नव्हता!"

"मग कोणासाठी होता?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही उद्यानशास्त्रात दिलेलं नाही.

शेवटची सूचना खुंटाबद्दल. आपला गुलाब हा दुसऱ्याच कणखर गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेला असतो. सांध्याच्या खालून जोमदार, काटेरी, फिकट हिरवी फूट येते, ती मुळाशी धरून ओढून काढावी, असा नियम आहे. तो कुणी पाळत नाही, कारण वर्षभरात झाडाने दाखवलेलं जिवंतपणाचं ते पहिलंच लक्षण असतं. तिसऱ्या पावसापर्यंत 'डॉ. भाभा' निवर्ततात आणि ही फूट गडग्यावर चढते. तिला खारा वारा लागत नाही, ठिपक्यांची ती पर्वा करत नाही, आणि एका चैत्रात ती लहान, झुपक्यांची, गुलाबी फुलं काढते. पाहुण्यांनी विचारलं तर जात दुर्मिळ आहे, असं सांगावं. ते फांदी मागतील. द्यावी. ती हमखास लागते.