इथे बघण्यासारखं काय आहे?

दादरचे पाहुणे अंबरनाथला आले की पहिला प्रश्न ठरलेला, "इथे बघण्यासारखं काय आहे?" जणू आम्ही सगळे डोळे मिटूनच राहतो.

आहे ना. वालधुनीकाठचं शिवमंदिर आहे, शके 982चं, म्हणजे इ.स. 1060चं. शिलाहारांनी बांधलेलं. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं, वर पाहिलं तर छताऐवजी आभाळ. तिकीट नाही, त्यामुळे पाहुण्यांचा त्याच्या प्राचीनतेवर विश्वासच बसत नाही. शेजारच्या नदीला कारखान्यांच्या कृपेने वासही आहे. त्याचेही कोणी पैसे घेत नाही.

मग खाणं. स्टेशनबाहेर गाडीवर गरमागरम वडापाव मिळतो, रद्दीच्या कागदात, वर तळलेली मिरची फुकट. पाहुणे म्हणाले, "हायजिनचं काय?" म्हणून एका एसीवाल्या कॅफेत गेलो. तिथे तोच वडा तीन इवल्या पावांत, लाकडी फळीवर पहुडलेला आला. बिलात बहुधा फळीही धरली होती. तरी पाहुणे खूष. "टाऊनपेक्षा किती स्वस्त!" म्हणत त्यांनी फळीचे सात फोटो काढले. मंदिराचा एक काढला होता, त्यातही ते स्वतःच पुढे.

रविवारची संध्याकाळ. परतीच्या लोकलमध्ये खिडकी हवी म्हणून मंडळी आधी उलटी बदलापूरला निघाली. गाडी हलता हलता दारातून विचारलंच, "तिथे बघण्यासारखं काय आहे?"